पुढचं स्टेशन कोणतं? मसदर सिटी आणि आपलं उद्याचं शहर



यंदा गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एक गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक हातोहात फिरत होतं. पुण्याच्या वेशीवरची 'स्मार्ट, ग्रीन टाउनशिप'! मोबाईलवर उघडणारी दारं, छपरावर सोलर, झाडांच्या रांगेतून धावणाऱ्या बॅटरीच्या गाड्या. दोघातिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तू आयटीतला ना? मग सांग, घेऊ का?" एका हातात शिऱ्याचा द्रोण धरून उत्तर द्यावं इतका सोपा प्रश्न तो नव्हता. त्यात संपादकांनी "मग लिहूनच दे" अशी गळ घातली. म्हणून हा लेखप्रपंच.

उद्याचं शहर कसं असेल, हे कल्पनेनं रंगवायची आपल्याला फारशी गरज नाही. ते बांधण्याचा जगातला एक मोठा प्रयोग आपल्या दारातच झाला आहे. अबू धाबीच्या विमानतळाशेजारची मसदर सिटी! आपल्यापैकी बरेच जण भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन तिथे गेले असतील, फोटो काढले असतील, कॉफी पिऊन परतले असतील. पण तिथे काय जमलं, काय फसलं आणि का, हे नीट पाहिलं तर माहितीपत्रक वाचायची एक वेगळीच नजर मिळते.

कागदावरचं शहर

'मसदर' म्हणजे अरबीत उगम, स्रोत. अबू धाबी सरकारनं हा प्रकल्प २००६ साली जाहीर केला आणि २००८ साली बांधकाम सुरू झालं. आराखडा लंडनच्या नॉर्मन फॉस्टर यांच्या कंपनीचा. जागा सुमारे ६ चौरस किलोमीटर, रहिवासी सुमारे ५० हजार, खर्चाचा अंदाज सुमारे २२ अब्ज डॉलर, आणि पूर्ण व्हायचं साल २०१६.

संकल्प होता 'शून्य कार्बन' शहराचा. म्हणजे काय? तर शहराला जेवढी ऊर्जा लागेल तेवढी शहराच्या हद्दीतच, सूर्यापासून वगैरे तयार करायची. पेट्रोलच्या गाडीला आत प्रवेश नाही. वेशीवर गाडी लावायची आणि पुढे विनाचालक छोट्या गाडीतून जायचं. तेलावर श्रीमंत झालेल्या देशानं तेलाशिवायचं शहर बांधायला घ्यावं, यात एक धाडस होतं हे मान्यच करायला हवं.

बाबा आणि बिनड्रायव्हरचा डबा

२०१४ साली आई-बाबा पहिल्यांदा इकडे आले. बाबांची सगळी नोकरी वीज मंडळात गेलेली. त्यांना बुर्ज खलिफापेक्षा मसदरचं कौतुक जास्त! तिथल्या त्या पांढऱ्या, अंड्यासारख्या डब्यात आम्ही बसलो. बटण दाबलं, दार मिटलं आणि डबा आपला आपण निघाला. आईनं आधारासाठी माझा हात धरला. जेमतेम अडीच मिनिटांत गाडी थांबली, दार उघडलं.

बाबा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "छान आहे रे. पुढचं स्टेशन कोणतं?"

"बाबा, पुढचं स्टेशन नाही. दोनच आहेत."

"दोनच? मग ही गाडी कशाला म्हणायची, लिफ्टच की. आडवी लिफ्ट!"

मी तेव्हा हसलो. पण बाबांनी नेमकं दुखणं ओळखलं होतं.

हा डबा चालायचा कसा, ते पाहू. गाडीत बॅटरी. रस्त्याच्या पृष्ठभागात ठरावीक अंतरावर चुंबक बसवलेले. त्यांच्यावरून जाताना गाडीला आपली जागा कळायची आणि मध्यवर्ती संगणक कोणती गाडी कुठे हे सांभाळायचा. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये १० प्रवासी गाड्या सुरू झाल्या आणि २०१४ पर्यंत १० लाख प्रवाशांनी त्यातून प्रवास केला. यंत्रणा म्हणून ती उत्तम चालली!

मग ती गावभर का पसरली नाही? कारण गाड्यांना माणसांच्या वाटेपासून दूर, स्वतःचा वेगळा रस्ता हवा होता. त्यासाठी शहराची जमीनच सुमारे ७ मीटर उंच, चौथऱ्यावर उचलायची आणि गाड्या खालून पळवायच्या अशी योजना होती. एका कोपऱ्यात ती जमली. पण ६ चौरस किलोमीटर शहर चौथऱ्यावर उचलायचं म्हणजे खर्च कुठल्या कुठे जातो! शिवाय २००८ साली जागतिक मंदी आली आणि पाठोपाठ बाजारात साध्या रस्त्यावर धावणाऱ्या विजेच्या मोटारी येऊ लागल्या. २०१० साली सगळ्या आराखड्याचा फेरविचार झाला. डब्यांचं जाळं पहिल्या टप्प्यापुरतंच ठेवायचं ठरलं, सगळी वीज हद्दीतच तयार करण्याची अट सैल झाली आणि २०१६ ची मुदत पुढे गेली. ती पुढे २०३० पर्यंत सरकली.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हे नवीन नाही. 'पायलट' उत्तम चालतं, टाळ्या पडतात. पण पायलट चाललं म्हणजे 'प्रॉडक्शन' चालेल असं नाही. दहा गाड्यांना जे जमतं ते हजारांना जमेल का, बिघडलं तर कोण दुरुस्त करेल, पाच वर्षांनी त्याहून सोपं काही निघालं तर काय, हे प्रश्न पायलटच्या दिवशी कोणी विचारत नाही.

जे टिकलं: सावली

आता गंमत पाहा. मसदरमध्ये निर्विवाद यशस्वी झालेली गोष्ट कोणती? सावली!

जुलैच्या दुपारी तिथल्या गाडीतळावरून आतल्या गल्लीत शिरा. दहा पावलांत फरक कळतो. यात यंत्र काहीच नाही. फॉस्टर यांच्या चमूनं आराखड्याआधी कैरो आणि मस्कतसारखी जुनी शहरं पालथी घातली. वाळवंटात विजेआधी माणसं राहिली कशी, हे पाहायला. त्यांना दिसलं की जुन्या गल्ल्या अरुंद आणि आखूड असतात, सहसा ७० मीटरपेक्षा लांब नाहीत. गल्लीच्या टोकाच्या इमारतीवर वारा आदळतो, घुसळला जातो आणि तापलेली हवा वर ढकलली जाते. मसदरच्या गल्ल्या तशाच आखल्या. शिवाय सगळी मांडणी ईशान्य-नैऋत्य अशी तिरकी ठेवली, म्हणजे भिंतींवर आणि खिडक्यांवर थेट ऊन कमीत कमी पडावं.

संस्थेच्या चौकात ४५ मीटर उंच हवेचा मनोरा आहे. दुबईच्या अल फहिदी भागात जुन्या घरांवरचे 'बारजील' पाहिले असतील, त्याचाच हा नवा अवतार. उंचावरचा वारा पकडायचा आणि खाली चौकात सोडायचा. इथे संगणकाचं काम एवढंच, की वारा ज्या दिशेचा त्या बाजूच्या झडपा उघडायच्या, बाकीच्या मिटायच्या आणि जोडीला पाण्याचा बारीक फवारा. घरांच्या गच्चीपुढे मातकट रंगाच्या नक्षीदार जाळ्या आहेत. त्यातून वारा येतो, ऊन अडतं आणि शेजाऱ्याची नजरही अडते.

आई तिथे उभी राहून म्हणाली, "हा तर आपल्या वाड्याचा चौक!" खरंच. जाड भिंती, मध्ये उघडा चौक, भोवती ओसरी. आजोळचा वाडा पाडून तिथे काचेची इमारत उभी राहिली आणि तिला थंड ठेवायला आता प्रत्येक खोलीत एसी आहे.

इथे एक साधा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आधी सावली आणि दिशा, मग भिंतीची आणि छपराची उष्णता अडवण्याची क्षमता, मग वारा, आणि उरलेल्या उष्णतेसाठी यंत्र. क्रम जितका वरचा तितका तो स्वस्त आणि तितका बिघडायला कमी. माहितीपत्रकं हा क्रम नेमका उलटा करतात. पश्चिमेला अख्खी काचेची भिंत लावतात आणि मग मोबाईलवरून चालणारा एसी 'स्मार्ट' म्हणून विकतात!

वीज: छपरावर की वाळवंटात?

मसदरच्या हद्दीत २००९ साली १० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला. '१० मेगावॉट' या आकड्यानं बरेच जण फसतात, म्हणून जरा हिशेब करू. हा प्रकल्प वर्षभर रात्रंदिवस पूर्ण ताकदीनं चालला असता, तर ८ कोटी ७६ लाख युनिट वीज मिळाली असती. प्रत्यक्षात मिळते ती सुमारे १ कोटी ७५ लाख युनिट, म्हणजे पाचवा हिस्सा. यात कोणाची लबाडी नाही. रात्र असते, सकाळ-संध्याकाळी ऊन तिरपं असतं, आणि धूळ असते. पाटीवरचा आकडा हा ताकदीचा, बिलातला आकडा कामाचा. दोन्हींत पाचपटीचा फरक पडू शकतो.

धुळीवरून आठवलं. छपरावरच्या काळ्या पट्ट्यांकडे बोट दाखवून बाबांनी तिथल्या मार्गदर्शकाला आपल्या हिंदीमिश्रित इंग्रजीत विचारलं होतं, "हे पुसतं कोण?" मी ओशाळलो. पण प्रश्न अगदी बरोबर होता. एका वाळूच्या वादळानं पट्ट्यांवर थर बसतो आणि उत्पादन घसरतं. शेकडो छपरांवर चढून पुसत बसण्यापेक्षा मोकळ्या वाळवंटात सलग रांगा लावून त्या एकत्र साफ करणं कितीतरी सोपं आणि स्वस्त. म्हणूनच 'सगळी वीज हद्दीतच' हा हट्ट सोडणं हा पराभव नव्हता, शहाणपण होतं असं मला वाटतं.

पुढे तेच झालं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अबू धाबीजवळ अल धफ्रा इथल्या २,००० मेगावॉटच्या सौर प्रकल्पाचं उद्घाटन झालं, त्या पहिल्या प्रकल्पाच्या दोनशे पट! २०२० साली त्याच्या निविदेत दर आला होता प्रति युनिट १.३५ अमेरिकन सेंट. त्याच्या भागीदारांत मसदर कंपनीही आहे. २०२५ च्या जानेवारीत याच कंपनीनं आणखी मोठी योजना जाहीर केली. ५,२०० मेगावॉट सौर, जोडीला १९ गिगावॉट-तासांच्या बॅटऱ्या, आणि त्यातून चोवीस तास अखंड १,००० मेगावॉट. आता वरचा पाचव्या हिश्श्याचा हिशेब लावून पाहा, ५,२०० ला ५ नं भागा. आकडा का तेवढा ठेवला ते लगेच कळेल.

म्हणजे शहर ठरल्या वेळी पूर्ण झालं नाही, पण शहर बांधताना जे शिकले ते वेशीबाहेर जाऊन मोठं झालं. आणखी एक, मला तर सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे नियम. २०१० पासून अबू धाबीत 'इस्तिदामा' ही मोत्यांची श्रेणीपद्धत लागू झाली. नव्या इमारतीला किमान एक मोती, सरकारी पैशाच्या इमारतीला किमान दोन. हे मोती मिळतात ते पाणी, वीज, सावली, बांधकामाचं साहित्य यांच्या हिशेबावर. डब्यात बसून फोटो काढता येतो, नियमाबरोबर काढता येत नाही. पण शहर बदलतं ते नियमानं.

आज मसदरमध्ये आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेचं, म्हणजे 'आयरेना'चं मुख्यालय आहे, कृत्रिम बुद्धिमत्तेचं विद्यापीठ आहे, कचेऱ्या आहेत, राहती घरं आहेत. ठरलेल्या ५० हजार रहिवाशांपासून ते अजून दूर आहे. पण गल्लीत सावली आहे.

आणि आमचा पुण्याचा फ्लॅट

इतकं सगळं पाहूनही मी शहाणा झालो नाही! २०१७ साली दुबईत एका प्रॉपर्टी प्रदर्शनात मी पुण्याच्या वेशीवर एक 'स्मार्ट' फ्लॅट बुक केला. बिल्डरचं नाव सांगत नाही, कारण तो एकटाच तसा आहे असं नाही. २०२१ साली ताबा मिळाला, आई-बाबा राहायला गेले. पहिल्याच एप्रिलमध्ये बाबांचा फोन आला. "अरे, दार मोबाईलवर उघडतं तुझं. पण नळ उघडला तर पाणी नाही. टँकरची वाट बघतोय."

माहितीपत्रकात 'जलस्वयंपूर्ण' असं छापलं होतं. छपरावरचं पाणी साठवणार आणि सांडपाणी शुद्ध करून वापरणार. मी कागद घेऊन बसलो. हा हिशेब बुकिंगच्या आधी करायला हवा होता, तो आता तुम्ही करा.

आमच्या इमारतीत १०० फ्लॅट. घरी चार माणसं धरली तर ४०० माणसं. आपल्याकडे माणशी रोज १३५ लिटर पाणी हा ठरलेला निकष आहे. म्हणजे रोज ५४ हजार लिटर. छप्पर समजा १,००० चौरस मीटर. पुण्याचा पाऊस वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर. एकही थेंब वाया न घालवता ७ लाख लिटर, गळती-बाष्पीभवन धरून साडेपाच लाख. भागाकार करा, साधारण दहा दिवसांचं पाणी! बाकीचे ३५५ दिवस काय? छपरावरचा पाऊस बोअरवेलजवळ जमिनीत जिरवणं चांगलंच, पण त्याला 'स्वयंपूर्ण' म्हणणं ही शुद्ध थाप आहे.

सांडपाण्याचं गणित मात्र खरं आहे. १३५ लिटरपैकी सुमारे ४५ लिटर फ्लशला जातात. तिथे पिण्याचं पाणी लागत नाही. शुद्ध केलेलं सांडपाणी वापरलं तर रोज १८ हजार लिटर वाचतात, म्हणजे १० हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर. आमच्या इमारतीत ते केंद्र होतं, फ्लशसाठी वेगळी नळवाहिनीही टाकली होती. फक्त केंद्र बंद होतं! का? सांडपाण्यातली घाण खाणारे जिवाणू जिवंत ठेवायला त्यात सतत हवा सोडावी लागते. वीजबिल वाचवायला कोणीतरी रात्री पंखा बंद करू लागलं, जिवाणू मेले, वास सुटला, रहिवाशांनी तक्रार केली आणि कुलूप लागलं. बांधताना कोट्यवधीचा खर्च, आणि चालवायला माणूस नेमलेला नाही. 'हे पुसतं कोण?' हा बाबांचा मसदरमधला प्रश्न माझ्याच तळघरात येऊन उभा राहिला.

माहितीपत्रक हातात आल्यावर

म्हणून प्रसादाच्या रांगेतल्या मंडळींना माझं उत्तर असं. घ्या, पण हे विचारून घ्या.

१. पाणी रोज किती लागणार आणि कुठून येणार? महापालिकेची जोडणी प्रत्यक्षात आहे की 'प्रस्तावित'?

२. सांडपाणी केंद्र रोज कोण चालवतं? शुद्ध पाणी फ्लशपर्यंत न्यायला वेगळी नळवाहिनी आहे का? त्याच बिल्डरच्या पाच वर्षं जुन्या इमारतीत ते चालू आहे का? जमल्यास भावाला किंवा मित्राला तिथे पाठवा. नाकाला लगेच कळतं.

३. सोलर किती किलोवॉट हे विचारू नका. वर्षाला किती युनिट, आणि त्यातून काय चालतं? लिफ्ट, पंप, की नुसते बागेतले दिवे?

४. पश्चिमेच्या भिंतीवर काय आहे? काच असेल तर वर छज्जा किंवा जाळी आहे का?

५. भाजीपर्यंत, शाळेपर्यंत, बसथांब्यापर्यंत सावलीतून चालत जाता येतं का? येत नसेल तर बॅटरीची गाडी दोन स्टेशनांमध्येच फिरणार.

६. मोबाईलवरची यंत्रणा पुरवणारी कंपनी उद्या बंद पडली तर दार किल्लीनं उघडतं ना?

यातला एकही प्रश्न विचारायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. माझ्याकडे ती होती आणि तरी मी विचारले नाहीत, ते सोडा!

जाता जाता, आमच्या तळघराची गोष्ट अर्धवट राहायला नको. बाबा आणि सोसायटीतल्या दोन निवृत्त काकांनी मिळून ते केंद्र पुन्हा सुरू करवलं. एक माणूस पगारावर नेमला. हवेच्या पंख्याच्या विजेचं मीटर वेगळं केलं आणि शेजारी एक साधी वही टांगली. रोज सकाळी तिघांपैकी एक जण खाली जाऊन आकडे लिहितो. गेल्या उन्हाळ्यात चार टँकरचे दोन झाले. उरलेले दोन अजून येतातच, म्हणून महापालिकेकडे फेऱ्या चालू आहेत.

परवा फोनवर मी म्हटलं, "बाबा, त्या वहीऐवजी एक सेन्सर बसवून देऊ का? आकडे थेट तुमच्या मोबाईलवर येतील."

"बसव की," बाबा म्हणाले. "पण वही राहू दे. मोबाईलवर आकडा आला की बघून सोडून देतात. खाली उतरलं की वास येतो."

सेन्सर पुढच्या सुट्टीत बसवणार आहे. वही राहणार आहे.

तूर्तास इतकंच. तुमच्या गावाकडच्या सोसायटीचे बरे-वाईट अनुभव असतील तर जरूर कळवा. कोजागरीला भेटूच!

लोभ आहेच, तो वाढावा.